जीपचं हूड: ठिगळ लावायचं की नवीनच शिवायचं?

कृष्णाकाठचा_गडी (१९ मे, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. आमच्या दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्युजो इंजिनवाली. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स दोन वर्षांपूर्वी खोलून झाला, २०२४ ला पासिंगपण झालं. आता राहिलं हूड.

हूड २००९ चं आहे. पंधरा वर्षांचं पासिंग होतं तेव्हा दादांनी खाकी कॅनव्हास आणून शिवून घेतलेलं. आजची अवस्था अशी की ड्रायव्हरच्या मागच्या पाईपवर उजव्या कोपऱ्यात वीतभर फाटलंय, दोन ठिकाणी शिलाई उसवलीय, आणि मागचं प्लॅस्टिक इतकं पिवळं झालंय की मागून ट्रक आलाय हे त्यानं हॉर्न दिल्यावरच कळतं.

गळायचा प्रकार अजून वेगळा. पावसात गाडी सरळ चालू असली तर एक थेंब आत येत नाही. ब्रेक मारला की काचेच्या वरच्या कडेतून भसकन तांब्याभर पाणी थेट गुडघ्यावर. मागच्या पावसाळ्यात मी मांडीवर खताची पिशवी घेऊन गाडी चालवली.

इथला हूडवाला म्हणतो हे फेकून द्या, रेक्झिनचं नवीन शिवतो, दहा वर्षं बघायला नको. दादा म्हणतात कापड अजून दणकट आहे, ठिगळ लाव आणि गप बस. मृग तोंडावर आलाय. रिपेअर करू का नवीन? नवीन तर कॅनव्हास का रेक्झिन? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

बिनकामाचा_बंड्या (१९ मे, रात्री १०:२०)

छत्री घ्या. ३०० रुपयात प्रश्न मिटला.

सँडी_एनजे (१९ मे, रात्री १०:५१)

एक मिनिट, हूड फाटलं म्हणजे? हूड तर पत्र्याचं असतं ना, इंजिनच्या वर? मी न्यू जर्सीत राहतो, इथे हूड म्हणजे बॉनेट. दोनदा वाचलं तरी इंजिनवर कॅनव्हास का घातलाय ते कळेना :D

कृष्णाकाठचा_गडी (१९ मे, रात्री १०:५८)

@सँडी अहो हूड म्हणजे टप. वरचं कापडी छप्पर. रिक्षाला असतं तसं. इंजिनवर असतं ते बॉनेट, इंग्रज जाताना तसंच शिकवून गेलेत.

सँडी_एनजे (१९ मे, रात्री ११:३०)

ओके ओके, सॉफ्ट टॉप! मग माझा विषय आहे. माझ्याकडे १९९५ ची मियाटा आहे (माझदाची दोन सीटची, टप उघडणारी गाडी), पहिल्या जनरेशनची. त्या गाडीला मागची खिडकी प्लॅस्टिकचीच होती, काच नंतरच्या मॉडेलला आली. टप खाली पाडायच्या आधी त्या खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवायची असते, नाहीतर घडीवर चीर जाते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरच्या थंडीत एकदा तशीच पाडली आणि कडकन आवाज आला. थंडीत ते प्लॅस्टिक पापडासारखं होतं.

तुम्ही जे गळण्याचं वर्णन केलंत त्यावरून मला वाटतं कापड निर्दोष आहे, पाणी भलतीकडूनच येत असणार. माझ्याकडे पाणी सीटच्या मागे साठायचं, मी दोन वर्षं कापडाला दोष देत होतो, वॉटरप्रूफिंगचे स्प्रे मारून मारून थकलो. शेवटी निघालं काय तर टपाच्या मागच्या कडेला आत एक पन्हळ असते, तिच्यातलं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली जातं, आणि त्या नळ्यांत पानं आणि पाइनच्या सुया बसल्या होत्या. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आत हळूहळू ढकलली आणि काळं काळं खत बाहेर आलं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निसटते, ती परत बसवायला अर्धी गाडी उघडावी लागते. हेपण अनुभवाचे बोल.

वैदर्भीय_वाघ (२० मे, सकाळी ७:४०)

बावा, जीपला कुठून आल्या नळ्या. तिला खालून वरून सगळीकडून भोकंच भोकं, पाणी आलं तसं जाते.

रेक्झिनबद्दल सांगतो. नागपूरले मे मध्ये ४५-४६ होते. माझ्या जिप्सीवर रेक्झिन टाकलं होतं, काळं. आत बसलं का भट्टी. तिसऱ्या उन्हाळ्यात वरचा थर तडकून पापुद्रे निघाले. पण सगळ्यात आधी गेला तो धागा. हुडवाल्यानं साधा सुती धागा मारला होता, कापड तसंच होतं न शिलाई उलगडून राहिली होती. त्याच्यानंतर कॅनव्हास टाकला, आता थोडा फिक्का पडला पण सुरू आहे. कॅनव्हासच घ्या.

माजी_वडापवाला (२० मे, सकाळी ९:०५)

मी १९९८ ते २००७ महिंद्राच्या कमांडर जीपवर वडाप (शीटं भरून भाड्याची वाहतूक) केलंय, कराड-पाटण बाजूला. आमच्या गाडीचं हूड म्हंजे काय विचारू नका. आत चौदा, मागं लटकलेले चार, टपावर दोन करडं आणि भाजीच्या पाट्या. कॅनव्हास, रेक्झिन, ताडपत्री, निवडणुकीचं फ्लेक्स सगळं वापरून झालंय. फ्लेक्स सगळ्यात वाईट, वाऱ्यानं फडफडून फाटतं आणि उमेदवाराचं तोंड उलटं आतनं दिसतं ते वेगळंच.

कामाचं सांगतो. जीपचं हूड शिवायला जीपवाला शोधू नका, रिक्षाची हुडं करणारा शोधा. त्यांचा हात रोज त्याच्यावर बसलेला असतो. रिक्षावाले दर दोन-चार वर्षांनी हूड बदलतात, तो माणूस दिवसाला एक काढतो. फक्त त्याला जुनं हूड मापाला द्या, आणि "अंदाजानं करतो" म्हणाला तर तिथनं निघा.

चहाटळ (२० मे, सकाळी ९:११)

आतनं दिसणारा उमेदवार निवडून आला का?

माजी_वडापवाला (२० मे, सकाळी ९:२०)

डिपॉझिट गेलं. फ्लेक्स त्याच्याआधी गेलं.

शिवणवर्ग_आजी (२० मे, दुपारी २:३५)

मी गाडीतली तज्ज्ञ नाही, पण ट्रेकर मंडळींचे तंबू, सॅक, छत्र्या, आमच्या यजमानांच्या जीपचं हूड हे सगळं घरच्या उषा मशीनवर शिवलेलं आहे म्हणून लिहिते. कोणी कपडा, धागा, सुई यांचा नीट विचार करताना दिसत नाही, नुसतं कॅनव्हास का रेक्झिन चाललंय.

सुती कॅनव्हास पाण्यानं भिजला की त्याचे तंतू फुगतात आणि विणीतली छिद्रं बुजतात, म्हणून तो पाणी धरतो. सुईची भोकंसुद्धा सुती धागा फुगून बुजवतो. पण तो धागा उन्हानं आणि बुरशीनं कुजतो, नागपूरच्या भाऊंचं झालं ते असं. पॉलिस्टरचा जाड धागा उन्हात टिकतो पण फुगत नाही, म्हणजे भोक उघडं राहतं. त्यामुळे पॉलिस्टर वापरायचा आणि शिलाईवरून आतून-बाहेरून मेण घासायचं, वर इस्त्री नको, उन्हात ठेवलं की मेण आपोआप मुरतं. नायलॉनचा धागा घेऊ नका, दिसायला मजबूत पण ऊन त्याला खातं.

सुई १८ नंबरची. टाका मोठा, इंचाला सहा-सात. लोकांना वाटतं बारीक टाका म्हणजे पक्कं काम. कॅनव्हासवर बारीक टाके मारले की टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि ताण आला की बरोब्बर त्याच रेषेत फाटतं. तुमचं वीतभर फाटलंय ते शिलाईच्या कडेनं सरळ रेषेत फाटलंय का पाईपवर घासून? ते आधी बघा. दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

आणि जोड कौलासारखा हवा. वरचा तुकडा खालच्यावर. उलटा जोड घातला की पाणी दुमडीत साचतं आणि तिथून झिरपतं. पुढचा जोड असेल तर त्याचं तोंड मागे हवं, नाहीतर गाडी पळताना वारा पाणी आत ढकलतो.

ठिगळाचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा पहिल्यांदा उचकटतो. ठिगळाचा ताणाबाणा मूळ कापडाच्या दिशेनंच ठेवा नाहीतर भिजल्यावर एक इकडे ओढतं एक तिकडे. नवा कॅनव्हास आधी भिजवून वाळवून घ्या, आटतो.

चहाटळ (२० मे, दुपारी २:५०)

आजी __/\__ मी बीई मेकॅनिकल आहे आणि आत्ता खुर्चीतून उठून उभा राहिलोय.

दणकट_डिझेल (२० मे, संध्याकाळी ६:१५)

कशाला त्या कापडाच्या नादाला लागताय. फायबरचा हार्ड टॉप बसवा. एसीपण लावता येईल. आमच्या ओळखीत तिघांनी बसवलाय, काही होत नाही.

काळा_कोट (२० मे, संध्याकाळी ७:०२)

"काही होत नाही" हे आरटीओच्या दारात जाईपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीत कंपनीनं दिलेला जो तपशील आहे तो बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलंय. धाग्याकर्त्याची (ज्यानं इथं हा विषय काढला त्याची) गाडी १९९४ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग, पुढचं २०२९ ला. आरसीवर बॉडी सॉफ्ट टॉप आणि समोर फायबरचा बंगला, मग इन्स्पेक्टर काय म्हणेल? उद्या अपघात झाला तर विमावाल्यांना आयतं कारण. कापडाच्या जागी कापड ही दुरुस्ती आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही.

दणकट_डिझेल (२० मे, संध्याकाळी ७:१०)

वकीलसाहेब अर्ध्या महाराष्ट्रातल्या गाड्या मग बेकायदा आहेत.

काळा_कोट (२० मे, संध्याकाळी ७:१२)

मी कुठं नाही म्हणालो.

वैदर्भीय_वाघ (२० मे, संध्याकाळी ७:३०)

आन् जीपमधे एसी? त्याच्यापेक्षा घरी बसा ना.

मांडवीकाठ (२१ मे, सकाळी ८:२२)

आमच्या गोव्यात कापडाआधी लोखंड जातं. हुडाच्या रिंगा (आयलेट) लोखंडी असतील तर खारी हवा त्यांना एका पावसात खाते, गंज कापडात उतरतो आणि रिंगेभोवतीचं कापड कुजून रिंगच हातात येते. पितळी रिंगा सांगून घ्या, दुकानदार पितळी म्हणून मुलामा दिलेल्या देतो, तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटली की परत करा. चेनसुद्धा प्लॅस्टिकच्या जाड दातांचीच, आणि तिला वर्षातून एकदा मेणबत्ती घासायची.

बुरशीचे काळे ठिपके पडले तर ब्लीच लावू नका. ठिपके जातात आणि पाठोपाठ धागाही जातो. पाण्यात व्हिनेगर घालून मऊ ब्रशनं घासा, स्वच्छ धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. ओलं हूड गुंडाळून ठेवलं की आठ दिवसात त्यात भूछत्रं. आमच्याकडे अक्षरशः.

पिंपळपान (२१ मे, सकाळी १०:४०)

अवांतर: वडापवरून आठवलं, आम्ही शाळेत जाताना कमांडरच्या मागच्या फळीवर उभं राहून जायचो, पावसात मागचा पडदा तोंडावर यायचा आणि त्याला एक विशिष्ट वास असायचा, ओला कॅनव्हास, डिझेल आणि कोंबडी. तो वास आज कुठं आला तर मी परत सातवीत जाईन.

माजी_वडापवाला (२१ मे, सकाळी ११:००)

कोंबडी आमच्याच गाडीत असणार. भाडं अर्धं घ्यायचो कोंबडीचं.

पिंपळपान (२१ मे, सकाळी ११:०४)

आणि उभ्यानं जाणाऱ्या पोराचं?

माजी_वडापवाला (२१ मे, सकाळी ११:०९)

कोंबडीएवढंच.

निवृत्त_फिटर (२१ मे, रात्री ९:४५)

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती चांगली आहे, पण धाग्याकर्त्यानं जे सांगितलं त्याकडे मियाटावाले सोडले तर कोणी बघितलं नाही. सरळ चालताना थेंब नाही. ब्रेक मारल्यावर तांब्याभर. म्हणजे पाणी झिरपत नाहीये, साठतंय. कुठंतरी वर टपावर डबकं झालंय. ब्रेक मारला की डबकं पुढं धावतं आणि काचेच्या फ्रेमवरून आत पडतं. वीतभर फाटलंय ते ड्रायव्हरच्या मागे, पाणी पडतंय पुढे गुडघ्यावर. म्हणजे फाटकं ठिगळ लावून शिवलं काय किंवा नवीन केलं काय, गुडघा ओलाच राहणार.

डबकं होतं ते कापड सैल पडल्यानं, आणि कापड सैल पडतं ते बहुतेक वेळा फ्रेम वाकल्यानं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच-सहा किलोचं डबकं प्रत्येक पावसात कापड अजून खाली ओढतं, मग अजून मोठं डबकं.

असं करा. हूड काढा. नुसत्या पाईपच्या कमानी उघड्या ठेवा. सगळ्यात पुढे काचेच्या फ्रेमपासून मागच्या कमानीपर्यंत गाडीच्या मधोमध एक सुतळी ताणून बांधा, मग तशीच डावीकडे आणि उजवीकडे. सुतळी प्रत्येक कमानीला टेकायला पाहिजे. जिथं सुतळी आणि पाईप यात बोट जातं, ती कमान बसलेली आहे. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि याच्याआधी कुणालाही कापडाला कात्री लावू देऊ नका.

दुसरं, काचेची फ्रेम. तुमच्या जीपला ती पुढे बॉनेटवर पडते. तिचे खालचे बिजागरीचे बोल्ट सैल झाले असतील तर फ्रेम थोडी पुढे कलते आणि हुडाची पुढची कड नीट बसत नाही. हात लावून हलवून बघा.

सँडी_एनजे (२१ मे, रात्री ९:५८)

सर, तुम्ही माझ्या गाडीसाठी दोन वर्षं आधी कुठे होता?

शिवणवर्ग_आजी (२२ मे, सकाळी ६:३०)

फिटर साहेबांना पूर्ण अनुमोदन. मी मापाचा विचार केला, साच्याचा नाही. वाकड्या खांद्यावर ब्लाउज कसा बसेल.

कृष्णाकाठचा_गडी (२५ मे, रात्री ९:३०)

मंडळी, रविवारी हूड काढलं. सुतळी लावली. फिटर काकांना दंडवत. मधली कमान, ड्रायव्हरच्या डोक्याच्या जरा मागची, तिच्यात आणि सुतळीत माझी चार बोटं गेली. अंगठा सोडून सगळा पंजाच. उजवी बाजू तर अजून खाली. आणि फाटलंय तेपण त्याच कमानीच्या कोपऱ्यावर, पाईपला तिथं गंज येऊन चामखिळीसारखे खरबरीत फोड आलेत, त्याच्यावर कापड घासून गेलंय. आजी, म्हणजे शिलाईला दोष नाही, घासूनच फाटलंय. काचेच्या फ्रेमचा डावा बोल्ट हातानं फिरत होता.

आता कमान वाकली कशी? दादांना विचारलं. म्हणाले गंजली असेल. म्हटलं गंजून वाकत नाही. मग म्हणाले असेल कायतरी. मग आतून आई म्हणाली, "२०१७ ला सरपंचाच्या मिरवणुकीत टपावर कोण नाचलं होतं ते सांगा की त्याला." दादा गोठ्यात निघून गेले.

चहाटळ (२५ मे, रात्री ९:३३)

=)) =)) दादांचा आयडी काढून द्या इथे.

माजी_वडापवाला (२५ मे, रात्री ९:४०)

दादांचं वजन किती? आमच्या टपावर दोन करडं आणि एक पाहुणा बसायचा, कमान नाही वाकली.

कृष्णाकाठचा_गडी (२५ मे, रात्री ९:४४)

एकटे नव्हते. हलगीवालापण होता.

निवृत्त_फिटर (२५ मे, रात्री १०:२०)

छान. कमान काढून वेल्डरकडे न्या, घरी गुडघ्यावर सरळ करू नका, पोकळ पाईप आहे, चपटा होतो. आत वाळू ठासून दोन्ही तोंडं लाकडी खुंटीनं बंद करायची आणि मग वाकवायची. वाळू कोरडी पाहिजे. ओली वाळू आणि गॅसची ज्योत एकत्र आली तर वाफेनं खुंटी बंदुकीसारखी उडते. शेजारच्या कमानीशी लावून माप घ्या. गंज खरवडून रेड ऑक्साइड, त्यावर रंग, मग कापड जिथं टेकतं तिथं सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळा.

मांडवीकाठ (२६ मे, सकाळी ८:०५)

ट्यूबशी असहमत. ट्यूबच्या आत पाणी अडकतं आणि पाईप आतल्या आत गंजतो, वरून दिसतही नाही. शिवाय काळा डाग कापडाला लागतो. निवार गुंडाळा.

निवृत्त_फिटर (२६ मे, सकाळी ९:१५)

सुती निवार पाणी धरून ठेवते, ती ट्यूबपेक्षा वाईट. नायलॉनची निवार असेल तर तुमचं बरोबर. गोव्याच्या हवेत मी ट्यूब लावणार नाही, घाटावर चालते.

वैदर्भीय_वाघ (२६ मे, सकाळी ९:३०)

आमच्याकडे काहीच लावू नका, पाऊसच येत नाही.

सँडी_एनजे (२६ मे, सकाळी १०:००)

मागच्या प्लॅस्टिकबद्दल कोणी बोललंच नाही. ते पीव्हीसी असतं, त्याला मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते उन्हानं आणि काळानं निघून जातं, मग ते पिवळं आणि कडक होतं. फक्त वरवर धुरकट असेल तर प्लॅस्टिकच्या पॉलिशनं बरंच साफ होतं, मी केलंय. पण पूर्ण पिवळं झालेलं पॉलिशनं परत येत नाही, बदलाच. एक मिलिमीटरच्या आसपास जाडी घ्या, पातळ घेतलं तर त्यातून मागचं सगळं लाटांवर दिसतं. शिवायच्या आधी उन्हात ठेवून मऊ करून घ्या.

बाय द वे मी शेवटी माझा टप बदलला, विनाइल काढून कापडी घातला. त्यात तीन थर असतात, वर ॲक्रिलिकचं विणलेलं कापड, मधे रबर, आत परत कापड. पाणी अडवायचं काम मधल्या रबराचं. म्हणजे आजींचं सुती कॅनव्हास तंतू फुगवून जे करतं तेच इथे रबर करतं.

शिवणवर्ग_आजी (२६ मे, दुपारी १:१५)

प्लॅस्टिक शिवताना टाचण्या लावू नका, पडलेलं भोक कायम राहतं. कपड्यांचे चिमटे लावा. मशीनच्या पायाखाली प्लॅस्टिक चिकटतं तेव्हा वर टॅल्कम पावडर भुरभुरा किंवा पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. हे मागचं प्लॅस्टिक आतून लावायचं, बाहेरून कापडाची कड त्याच्यावर आली पाहिजे. परत तेच, कौलासारखं.

दणकट_डिझेल (२६ मे, दुपारी ४:००)

एवढ्यात फायबरचा बसूनही झाला असता.

काळा_कोट (२६ मे, दुपारी ४:०६)

आणि चलनही.

कृष्णाकाठचा_गडी (९ जून, रात्री १०:४०)

उशिरा लिहितोय, पेरणीची गडबड. काय काय झालं ते सांगतो.

कमान वेल्डरनं वाळू भरून सरळ केली, दोनशे घेतले आणि वर म्हणाला हे कुणी शिकवलं, हल्ली कुणी सांगत नाही असं करायला. फ्रेमचे दोन्ही बोल्ट बदलले. पाईपला रेड ऑक्साइड आणि वर नायलॉनची निवार (गोवेकर जिंकले, कारण ट्यूब शोधली तर दादांनी तिची गलोल केलेली निघाली).

मग जुनंच हूड परत चढवून बघितलं, फाटकं असताना. आधी कधी बसलं नव्हतं असं ताठ बसलं. त्यामुळे नवीन शिवायचं रद्द. दादांचं ठिगळ जिंकलं म्हणायचं, पण हे त्यांना सांगितलेलं नाही. वडापवाल्या मामांच्या सल्ल्यानं रिक्षाच्या हूडवाल्याकडे गेलो. त्यानं रिक्षा बाजूला लावून काम घेतलं. आतून एक बाहेरून एक अशी दोन ठिगळं, कोपरे गोल. तो चौकोनी कापायला निघाला होता, मी म्हटलं आमच्या आजी रागावतील. त्यानं विचारलं आजी कुठं असतात. म्हटलं इंटरनेटवर. उसवलेल्या शिलाया पॉलिस्टरच्या धाग्यानं परत मारल्या, वर मेण. मागचं प्लॅस्टिक नवीन. सगळं मिळून २,१०० रुपये.

परवा संध्याकाळी पहिला दणका पाऊस झाला. मी मुद्दाम गाडी काढली, दादा शेजारी. गावाच्या उतारावर जोरात ब्रेक मारला. गुडघा कोरडा! परत मारला. कोरडा. तिसऱ्यांदा मारला तेव्हा दादा म्हणाले, "आता ब्रेकचे लायनर बदलायला लागतील."

एकच राहिलंय. डाव्या बाजूच्या पडद्याच्या शेवटच्या रिंगेतून अजून थेंब थेंब येतं, शेजारी बसणाऱ्याच्या कोपरावर. रिंग चुंबकाला चिकटते.

मांडवीकाठ (१० जून, सकाळी ८:००)

सांगितलं होतं.

शिवणवर्ग_आजी (१० जून, सकाळी ८:२५)

छान झालं हो. जुनी रिंग पक्कडीनं ओढून काढू नका, कापड फाटेल, कानशीनं मागची कड घासून सोडवा. भोक मोठं झालं असेल तर आधी चामड्याची चकती दोन्ही बाजूंनी लावून मग मोठ्या मापाची पितळी रिंग ठोका. आणि हुडाचं माप जुन्या वर्तमानपत्रावर उतरवून ठेवा, एक ना एक दिवस नवीन शिवावं लागणारच आहे, तेव्हा हे ताणून बदललेलं असेल.

निवृत्त_फिटर (१० जून, सकाळी ९:००)

लायनरचं खरंच बघून घ्या. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले असतात.

चहाटळ (१० जून, सकाळी ९:०४)

आणि दादांना सांगा यंदा गणपतीत टपावर चढायचं नाही.

कृष्णाकाठचा_गडी (१० जून, रात्री ९:५०)

सांगितलं. म्हणाले, बॉनेट पत्र्याचंच आहे की.

सँडी_एनजे (१० जून, रात्री ९:५५)

हूड म्हणा हूड.